औषधानं दात खाल्ला, की अर्धवट इलाजानं?

(महासंघाच्या मासिक सभेत आरोग्य या विषयावर क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



आज मी कर्जफेडीचं रजिस्टर आणलेलं नाही, त्यामुळे जरा मोकळ्या बसा. आज आपल्याला दाताबद्दल बोलायचं आहे. हसू नका. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे, आणि दात हा काही आरोग्याच्या बाहेरचा विषय नाही.

मागच्या महिन्यात मी एका गटाच्या बैठकीला गेले होते. एक मावशी गालाला पदर लावून कोपऱ्यात बसल्या होत्या. गाल चांगलाच सुजलेला होता. मी विचारलं, "मावशी, दाखवलं का कुठं?" तर म्हणाल्या, "दाखवलं ना बाई. डॉक्टर म्हणते रूट कॅनल करा लागते. पण मी नाही करत. त्या औषधानं दात भुसभुशीत होते. या ताईचंच पाहा ना."

सगळ्यांनी एका ताईकडे पाहिलं. त्या ताईंनी आपली गोष्ट सांगितली. त्यांची दाढ कीडली होती, रात्र रात्र झोप नव्हती. दवाखान्यात गेल्या, डॉक्टरांनी दाढ उघडली, नस काढली, आत औषध ठेवलं, वरून तात्पुरतं सिमेंट लावलं आणि आठ दिवसांनी बोलावलं. पण त्याच रात्री दुखणं थांबलं. पुढच्या आठवड्यात संत्र्याची तोड सुरू झाली. एक दिवस दवाखाना म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि बसभाडं. ताई म्हणाल्या, "दुखतच नव्हतं, मग कायले जायचं?" आठ महिन्यांनी फुटाणे खाताना दाढ उभी चिरली. काढूनच टाकावी लागली. तेव्हापासून ताई सगळ्यांना सांगतात की औषधानंच दात खाल्ला. त्यांचं ऐकून गटातल्या दोघींनी रूट कॅनल करायला नकार दिला होता. त्यातल्या एक म्हणजे या सुजलेल्या गालाच्या मावशी.

मी डॉक्टर नाही. मी समाजकार्य शिकलेली मुलगी आहे. पण ताईंचं बोलणं खोटं आहे असंही मला म्हणवेना, कारण दाढ खरंच चिरली होती. म्हणून मी दंतवैद्यांना विचारलं, थोडं वाचलं. जे समजलं ते तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

आधी दात कशाचा बनलेला असतो ते पाहू. बाहेरून जे पांढरं, चकचकीत दिसतं ते एनॅमल. ते जवळजवळ पूर्ण खनिजाचं असतं, वजनाच्या ९६ टक्के. त्याच्या आत जो पिवळसर थर असतो त्याला डेंटिन म्हणतात. दाताचा बहुतेक सगळा भार हाच थर पेलतो. डेंटिनमध्ये वजनाच्या सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय भाग आणि १० टक्के पाणी असतं. खनिज म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस. सेंद्रिय भाग म्हणजे बहुतेक कोलॅजन नावाचं प्रथिन, त्याचे बारीक धागे असतात.

मातीची भिंत कशी बांधतात ते आठवा. नुसत्या मातीची भिंत तडकते, म्हणून आपण मातीत भुसा, तणस मिसळतो. डेंटिनचंही तसंच आहे. खनिज म्हणजे माती, कोलॅजन म्हणजे तणस. खनिजामुळे दात कडक राहतो आणि कोलॅजनमुळे तो थोडा लवचिक राहतो, ताण सोसतो. दोन्हींपैकी एक जरी कमी झालं तरी भिंत कच्ची. डेंटिनला आरपार अतिशय बारीक नळ्याही असतात. म्हणूनच कीड डेंटिनपर्यंत पोचली की थंड पाणी लागतं, गोड लागतं. सगळ्यात आत नस असते. कीड नसेपर्यंत गेली की रात्रीची झोप जाते.

आता रूट कॅनलमध्ये काय करतात? आपल्यापैकी कितीतरी जणी काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे संत्र्याच्या बागेत काम करतात. झाडाला डिंक्या रोग झाला की काय करतो आपण? आधी सडलेली साल खरवडून काढतो आणि मग बोर्डो मलम लावतो. न खरवडता मलम लावलं तर आतली सड तशीच राहते. रूट कॅनलही असंच आहे. आधी खरवडणं, मग धुणं, मग भरणं, आणि शेवटी झाकणं. ही चार कामं आहेत. ताईंच्या दाढेत पहिली दोन झाली होती, शेवटची दोन राहिली.

धुण्यासाठी दोन औषधं वापरतात. एक सोडियम हायपोक्लोराइट. पिण्याच्या पाण्यात आपण क्लोरीनचे थेंब टाकतो ना, त्याच जातीचं, पण कितीतरी जास्त तीव्र. ते जंतू मारतं आणि मेलेली नस विरघळवतं. दुसऱ्याला ईडीटीए म्हणतात. खरवडताना नळीच्या भिंतीवर जो भुगा चिकटतो तो काढायला ते लागतं. ते कॅल्शियम ओढून घेतं. म्हणजे पहिलं औषध डेंटिनच्या तणसाला थोडं लागतं आणि दुसरं मातीला थोडं लागतं. म्हणूनच ती ठरावीक वेळच ठेवायची असतात. हे काम डॉक्टरचं आहे. घरी कोणीही असलं काही दातात टाकू नये.

धुऊन झाल्यावर मुळाची नळी भरतात. भरण्यासाठी गट्टापर्चा नावाच्या वस्तूच्या बारीक काड्या असतात. मलेशिया, इंडोनेशियाकडच्या झाडांच्या चिकापासून ती बनते आणि १९व्या शतकापासून दातात वापरतात. पण काडी कितीही नीट बसवली तरी तिच्या आणि भिंतीच्या मध्ये फट राहतेच. विटांच्या सांध्यात गवंडी दर्जा भरतो, तशी ही फट बुजवायला एक पातळ लेप भरतात. त्याला सीलर म्हणतात. हा सीलर डेंटिनला वर्षानुवर्षं चिकटून राहतो. म्हणून ताईंचा प्रश्न बरोबरच आहे, की हे औषध दाताला आतून खातं का?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला आहे. ते काय करतात, तर काढून टाकलेले दात जमा करतात, त्यांच्या चकत्या करतात, त्यांवर सीलर लावून ठेवतात. नंतर यंत्राने मोजतात की डेंटिनमधलं कॅल्शियम आणि फॉस्फरस कमी झालं का, वाढलं का. हिऱ्याचं बारीक टोक दाबून डेंटिन किती कडक राहिलं तेही पाहतात. हे प्रयोग तोंडाबाहेरचे असतात. तोंडातल्या दाताचं अगदी तसंच होईल असं नाही, पण दिशा कळते.

सीलरचे मुख्य प्रकार तीन-चारच आहेत. पहिला जुना, झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचा. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. आपण दुखऱ्या दातावर लवंगेचं तेल लावतो, तो वास आठवा. युजेनॉल कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून त्याच्या लगतचा डेंटिनचा थर थोडा मऊ पडतो असं काही प्रयोगांत दिसलं आहे. दुसरा प्रकार रेझिनचा. तो डेंटिनला घट्ट चिकटतो. तिसरा नवा, बायोसिरॅमिक. त्यात कॅल्शियम सिलिकेट असतं, म्हणजे बांधकामाच्या सिमेंटचाच शुद्ध केलेला नातलग. त्याच्यातून कॅल्शियम बाहेर येतं आणि डेंटिनच्या सीमेवर नवं खनिज जमतं. या जातीचं पहिलं औषध, एमटीए, अमेरिकेत १९९० च्या दशकात डॉ. महमूद तोराबिनेजाद यांनी पुढे आणलं.

चौथं नाव कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं. त्याचेही सीलर असतात, पण आपल्याला ते जास्त भेटतं ते दोन फेऱ्यांच्या मध्ये. जंतू मरावेत म्हणून डॉक्टर ते नळीत ठेवून वरून तात्पुरतं सिमेंट लावतात. तुम्हाला नवल वाटेल, पण पानाला लावतो तो भिजवलेला चुना आणि हे औषध मुळात एकच रसायन आहे. दवाखान्यातलं शुद्ध आणि मापात असतं एवढाच फरक. म्हणून कोणी घरचा चुना दाताच्या भोकात भरू नका हं. हिरडी आणि गाल भाजतो. चुना कोलॅजनला हळूहळू कमजोर करतो. २००२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी मेंढीच्या कोवळ्या दातांवर प्रयोग केला. हे औषध आत दीर्घकाळ राहिलं तर साधारण वर्षभरात दाताची ताकद निम्म्यावर येऊ शकते, असा अंदाज त्यांनी मांडला. हे औषध काही आठवड्यांसाठी असतं. आठ-आठ महिने आत ठेवण्यासाठी नसतं.

आता ताईंच्या दाढेचा हिशोब मांडू. तिच्यात सीलर भरलाच नव्हता, त्यासाठीच तर आठ दिवसांनी बोलावलं होतं. आत राहिलं ते मधल्या काळाचं औषध. वरचं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिजलं, फटीतून लाळ आणि जंतू परत आत गेले. कीड काढल्यामुळे दाढेच्या भिंती आधीच पातळ झाल्या होत्या, आणि वर टोपी नव्हती. मग फुटाणा दाताखाली आला.

भिंती पातळ होण्याचं महत्त्व किती आहे ते एका प्रयोगात मोजलेलं आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत काढलेल्या दातांवर तो झाला. रूट कॅनलसाठी दाताला फक्त वरून भोक पाडलं तर दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्क्यांनी कमी झाला. पण कीड काढताना दाताचा मधला भाग आणि दोन्ही बाजू जातात तेवढा भाग कापला, तर ताठपणा सुमारे ६३ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे दात कमजोर होतो तो जास्त करून किडीने खाल्ल्यामुळे. सीलरमुळे जो बदल होतो तो नळीच्या कडेच्या पातळ थरापुरता असतो.

दुसरा अभ्यास २००२ चा, तोही अमेरिकेतला. रूट कॅनल झालेल्या दातांपैकी ज्यांवर कॅप बसवली नव्हती, ते दात कॅपवाल्यांपेक्षा सहापट वेगाने गमावले गेले. सहापट! म्हणून दाढेच्या रूट कॅनलनंतर कॅप ही चैन नव्हे. छत न घालता भिंती उभ्या ठेवल्या तर पहिल्या पावसात काय होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. समोरच्या दाताला मात्र दर वेळी कॅप लागतेच असं नाही. ते डॉक्टर सांगतील.

आणखी एक गैरसमज जाता जाता काढून टाकू. "एक बाळंतपण, एक दात" असं आपल्याकडे म्हणतात. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेत नाही. एकदा तयार झालेल्या दातातून ते असं आतून निघत नाही. गरोदरपणात हिरड्या सुजतात, उलट्यांमुळे आम्ल दाताला लागतं, वरचेवर खाणं होतं आणि दुखलं तरी "आता नको, बाळंतपणानंतर पाहू" म्हणून थांबतो. दात जातो तो यामुळे. गरोदर आहात हे डॉक्टरांना सांगा. दुखऱ्या दाताचा इलाज त्या काळातही होतो, आणि मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे असतात.

आता आपण काय करायचं ते सांगते.

नागपुरात मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, १९६८ पासून. हिंगणा रस्त्यावर डिगडोह आणि वानाडोंगरी इथे दंत महाविद्यालयं आहेत. वर्धेकडच्या तायांना सावंगी मेघेचं जवळ पडतं. रूट कॅनलच्या विभागावर 'कॉन्झर्वेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एंडोडॉन्टिक्स' अशी लांबलचक पाटी असते, घाबरू नका, बोट दाखवून विचारा. तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो, फेऱ्याही जास्त होऊ शकतात. हे आधीच धरून चला. गावातल्या किंवा तालुक्याच्या खाजगी डॉक्टरांकडे गेलात तरी चालेल. फक्त खुर्चीवर बसण्याआधी पाच गोष्टी विचारा.

एक, एकूण किती फेऱ्या लागतील?

दोन, कॅपसकट सगळा खर्च किती? नुसता रूट कॅनलचा आकडा ऐकून घरी येऊ नका. खरी अडचण कॅपच्या वेळीच येते.

तीन, भरून झाल्यावर एक्स-रे दाखवाल का? भरण मुळाच्या टोकाजवळ पोचलं का, ते डॉक्टर बोटाने दाखवू शकतात.

चार, सीलर कोणता वापरला ते कागदावर लिहून द्याल का? याचं कारण आहे. युजेनॉलचा सीलर असेल तर काही रेझिनची सिमेंटं त्याच्याजवळ नीट घट्ट होत नाहीत, म्हणून कॅप बसवणाऱ्या डॉक्टरला ते माहीत असावं लागतं. पुढे कधी दात परत उघडावा लागला तरी हा कागद कामी येतो. आपण बँकेची पावती जपतो तसा तो जपा. बायोसिरॅमिकच पाहिजे असा हट्ट धरू नका, तो महागही असतो. जुन्या सीलरनेही दात वर्षानुवर्षं टिकतात. नळी स्वच्छ होणं, पूर्ण भरणं आणि वरून झाकणं यावर जास्त अवलंबून आहे.

पाच, कॅप कधी बसवायची? तारीखच मागा. आणि तोपर्यंत त्या बाजूने फुटाणे, सुपारी, भुट्टा खाऊ नका. खर्रा तर कुठल्याच बाजूने नको.

आणि हे लक्षात ठेवा. गाल किंवा मान सुजली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास लागला, तर लवंगेचं तेल लावून सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा. दाताचा पू गळ्याकडे उतरला तर जिवावर बेतू शकतं.

शेवटचं, पैशाचं. मला तुमची अडचण कळते. बैलाच्या उपचाराला कर्ज मागताना आपण लाजत नाही, मुलाच्या फीसाठीही नाही. आपल्या दातासाठी मागताना मात्र जीभ अडते. "माझंच तर दुखते, सोसून घेते." घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर आपली पाळी. तोपर्यंत दाढ गेलेली असते. मग एका बाजूने चावायचं, भाकरी कालवून खायची, पन्नाशीतच म्हातारपण.

माझी गटांना विनंती आहे. अंतर्गत कर्ज देताना दाताच्या इलाजाचा पूर्ण हिशोब एकदम मांडा. सगळ्या फेऱ्या, कॅप, बसभाडं आणि बुडालेली मजुरी, सगळं एकाच ठरावात. पहिल्या फेरीपुरतं कर्ज दिलं तर आपणच ताईला अर्ध्या वाटेवर सोडतो. पुढच्या फेरीची तारीख इतिवृत्तात लिहा. आणि पुढच्या बैठकीत हप्त्याची आठवण करतो तशी तारखेची आठवण करा. एकटीला जायची भीती वाटत असेल तर सोबत एकीने जावं. तोडीच्या दिवसांत तिची पाळी दुसरीने सांभाळावी.

त्या सुजलेल्या गालाच्या मावशींचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्या दिवशी बैठकीत हे सगळं बोलणं झालं. दाढ गमावलेल्या ताई बराच वेळ गप्प होत्या. मग त्या मावशींना म्हणाल्या, "चला, मीच येतो तुमच्यासंगं. माझी तं गेली, तुमची राहू द्या." दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दोघी गेल्या. पू काढला, सूज उतरली. दोन फेऱ्या झाल्या आहेत, नळी भरून झाली आहे. आता दुखत नाही, म्हणजे धोक्याची वेळ हीच आहे.

कॅपची तारीख पुढच्या मंगळवारची आहे. गटाच्या इतिवृत्तात ती लिहिलेली आहे, आणि त्याखाली ताईंनी सोबत जाण्याची सही केली आहे.

तुमच्या गटात कोणाचा दात अर्धवट राहिला असेल तर आजच्या बैठकीत तिचं नाव लिहा.